न सुटणारा मुक्काम

श्रावस्ती रामटेकेच्या मॉडेलमध्ये एकही खोली दुसरीसारखी नव्हती. एकीचं छत बुटकं, दुसरीचं उंच. व्हरांडा सरळ जाता जाता किंचित उतरायचा आणि वळताना अरुंद व्हायचा. पाचव्या वर्षाच्या प्रकल्पांना गुण द्यायला बाहेरून आलेले परीक्षक त्या मॉडेलभोवती फिरून आले आणि चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "हे नेमकं कोणासाठी आहे?"

"विसरणाऱ्या माणसांसाठी, सर. स्मृतिभ्रंश झालेले लोक इथे राहतील आणि हरवणार नाहीत."

"त्यासाठी पाट्या लावतात की."

"पाटी वाचायची असते, हेच ते विसरतात."

परीक्षक मागे वळले. मागच्या भिंतीवर तिची आधीच्या वर्षांची कामं लावलेली होती. एक बसथांबा, एक प्राथमिक शाळा, आणि झाडीपट्टीतल्या नाटक मंडळींसाठी एका दिवसात उभारता येईल आणि ट्रकवर लादून पुढच्या गावी नेता येईल असं नाट्यगृह. कामं वेगवेगळी होती, पण प्रत्येकात पाहणाऱ्याची नजर कशी कोण जाणे एका दिशेने ओढली जायची. बसथांब्याचं साधं चित्रसुद्धा असं होतं की त्या बाकावर जाऊन बसावंसं वाटे.

"हे कुठे शिकलीस?" परीक्षकांनी विचारलं.

"माझे बाबा नाटकाचे पडदे रंगवायचे," ती म्हणाली.

यशवंत रामटेके म्हणजे वडसा या गावच्या नाटक मंडळींमधलं नावाजलेलं नाव. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. त्या हंगामात यशवंतचे पडदे या मंडळीकडून त्या मंडळीकडे फिरत. राजवाडा, पोलीस ठाणं, जंगल, शहरातला रस्ता. श्रावस्ती लहान असताना तो कापड अंगणात पसरायचा आणि तिला म्हणायचा, "या रस्त्यावर उभी राहा अन् सांग, चालत जावंसं वाटते का?" ती नाही म्हणाली तर तो रस्ता पुन्हा रंगवायचा. ती शाळेत असताना आकृत्या काढू लागली, मग मातीची घरं, मग पुठ्ठ्याची. नागपूरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा आई सुनंदाने आख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते.

ती तिसऱ्या वर्षाला असताना यशवंत एका गावात मांडवापासून मुक्कामाच्या घराकडे जायला निघाला आणि पोचलाच नाही. शोधायला गेलेल्या लोकांना तो धानाच्या बांधावर बसलेला दिसला. त्याला कुठे जायचं होतं ते आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाही याची त्याला लाज वाटत होती. साठीही न गाठलेल्या माणसाला अल्झायमरने गाठलं होतं. पुढच्या हंगामात त्याने एकही पडदा रंगवला नाही.

म्हणून श्रावस्तीने हा प्रकल्प घेतला होता. तिच्या मार्गदर्शक सबाने मॅडम मेंदूतज्ज्ञांबरोबर ज्या संशोधनात होत्या, त्याचा तिला आधार मिळाला.

आपल्या मेंदूत, कानाच्या थोडं आतल्या बाजूला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. त्यातल्या काही पेशींचं काम एकच: आपण कुठे आहोत ते सांगणं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की त्यातल्या काही पेशी चेततात, दोन पावलं पुढे गेलं की दुसऱ्याच. अशा हजारो पेशी मिळून त्या जागेचा नकाशा धरून ठेवतात. जागा बदलली की मेंदू एक नकाशा गुंडाळतो आणि दुसरा उलगडतो. उंदरांच्या मेंदूत या पेशी सापडल्याला बरीच दशकं झाली होती. नवी होती ती टोपी. मेंदूतल्या अतिशय क्षीण चुंबकीय लहरी टिपणारी, हेल्मेटएवढी हलकी. ती घालून माणसाला इमारतीतून एकदा फिरवलं की संगणकाला त्या माणसाच्या पेशींची भाषा कळे. मग तो माणूस कुठे आहे, इतकंच काय, मनातल्या मनात कुठे फिरतो आहे, तेही संगणकाच्या पडद्यावर दिसू लागे.

अल्झायमर आधी याच भागाला पोखरतो. नकाशा फिकट होत जातो. त्यात आपल्या इमारती अशा की प्रत्येक मजला सारखा, प्रत्येक दार सारखं. थकलेल्या मेंदूला धरायला काही उरत नाही. श्रावस्तीने याच्या उलट केलं. पायाला जेमतेम जाणवेल असा उतार, प्रत्येक वळणाचा निराळा कोन, प्रत्येक टप्प्यावर आवाजाचा निराळा घुमार, उजेड येण्याची निराळी दिशा. संगणक हजारो आराखडे तपासून जे सुचवी, त्यात ती हाताने बदल करी आणि टोपीवरचा नकाशा आणखी ठळक उमटे. कुठे काय बदलायचं हे तिला सांगता येत नसे. चालत जावंसं वाटतं का, एवढंच ती बघे.

तिला त्या वर्षीचं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं. 'स्थिरवास्तू' नावाच्या कंपनीने तो आराखडा घेतला, तिला नोकरी दिली आणि हिंगणा रस्त्यावर ती इमारत उभी केली. नाटक मंडळी जिथे उतरते त्या जागेला मुक्काम म्हणतात, म्हणून तिने इमारतीचं नाव ठेवलं 'मुक्काम'. तिथे राहायला आलेला पहिला माणूस तिचा बाप होता.

महिना झाला नसेल, यशवंत एकटा उठून न्हाणीघरात जाऊ लागला. जेवणाच्या वेळी आपसूक जेवणाच्या खोलीकडे वळू लागला. पश्चिमेकडच्या व्हरांड्यात खिडकीशी एक कोनाडा होता. श्रावस्ती संध्याकाळी काम संपवून तिथे येऊन बसे, आणि तो आपल्या पायांनी तिच्यापर्यंत येई.

"श्रावस्ती, आलीस का? चहा झाला का तुहा?"

कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकलं त्या दिवशी ती गाडीत बसून रडली होती.

सुनंदा आधी दर आठवड्याला येई. मग वडशाहून येणं जमेना, ती महिन्याने येऊ लागली. थंडी सुरू झाली तेव्हा ती आली ती सोबत तांदळाच्या पिठाचे वडे घेऊन. प्रवासाने दमली होती, म्हणून खिडकीशी त्या कोनाड्यात टेकली. श्रावस्ती पाणी आणायला गेली होती. ती परतली तेव्हा यशवंत सुनंदासमोर उभा होता.

"श्रावस्ती, आलीस का?" तो बायकोला म्हणत होता. "चहा झाला का तुहा?"

सुनंदा हसली. तिला ती थट्टा वाटली. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"बाबा," श्रावस्ती पुढे होत म्हणाली, "मी इथे आहे."

यशवंत वळला. अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने त्याने विचारलं, "कोणाले भेटायचं हाय बाई?"

परत निघताना सुनंदा पायरीवर थांबली. "मले विसरला तर विसरला, मी मनाची तयारी करूनच होती. पण तुह्या जागी बसली तर मले तू समजते, अन् तू समोर उभी तर तुले वळखत नाही. असा कसा विसरते मानूस?"

"आजार आहे, आई."

"आजार हाय ते मले माहीत हाय. हे आजाराचं नाही वाटत." तिने इमारतीकडे पाहिलं. "यंदा हंगामात त्याले घरी नेतो मी. चार दिवस. नाटकाचे लाउडस्पीकर ऐकन तर बरं वाटन त्याले."

श्रावस्तीने नको म्हटलं नाही.

वडशाच्या घरात यशवंतने पाऊल टाकलं आणि तो दारातच थिजला. भिंत धरली ती सोडेना. ज्या अंगणात त्याने आयुष्यभर पडदे रंगवले ते अंगण ओलांडताना तो एखाद्या काठावरून चालल्यासारखा पाय चाचपत होता. लघवीला कुठे जायचं ते कळेना, दाखवलं तरी तिकडे जाईना. तो लांब व्हरांड्यात चालावं तितकी पावलं टाकी, तिथे नसलेल्या वळणावर वळे आणि भिंतीवर आदळे. दुसऱ्या दिवशी कपाळाला खोक पडली. नाटकाचे आवाज आले तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. त्याने अन्न सोडलं. शेवटी सुनंदाच म्हणाली, "ने त्याले. इथं मरून जाईन तो."

'मुक्काम'चं दार ओलांडताच त्याचे खांदे सैल झाले. तो सरळ चालत खिडकीच्या कोनाड्यापाशी गेला. तिथे कोणीच बसलेलं नव्हतं. "श्रावस्ती, आलीस का?" तो म्हणाला.

वडशाला बाबा भिंतीवर आदळले ते रोग्यासारखे नव्हे, हे श्रावस्तीच्या मनातून जाईना. रोगी वाट विसरतो. बाबा वाट विसरले नव्हते. ते वडशाच्या घरात 'मुक्काम'च्या वाटेने चालत होते.

ती सबाने मॅडमकडे गेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोघीच होत्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"आजार वाढला की हेही होतं," त्या म्हणाल्या. "जुनं पुसलं जातं, नवं तेवढं उरतं."

"मग मला टोपी लावून बघा," श्रावस्ती म्हणाली. "मला काही झालेलं नाही. पण वर्षभर मी रोज त्या इमारतीत आहे."

मॅडमनी टोपी चढवली. श्रावस्तीच्या पेशींची भाषा संगणकाकडे होतीच, इमारत तपासताना तिनेच पहिल्यांदा टोपी घातली होती. "डोळे मिट," मॅडम म्हणाल्या. "वडशाचं तुझं घर. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत जा. हळूहळू."

श्रावस्ती मनातल्या मनात चालू लागली, दिसेल ते सांगत. फाटक, कडुलिंबाखालचा हौद, मग अंगण, मग पडवी. सगळं दिसत होतं. आईने भिंतीला टांगलेलं सूपसुद्धा दिसत होतं. तिने डोळे उघडले तेव्हा मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. पडद्यावर एक वाट उमटली होती. ती किंचित उतरत जात होती, अरुंद होऊन वळत होती आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी संपत होती.

"हा हौद कुठे होता?" मॅडमनी शेवटी विचारलं. "फाटकाच्या उजवीकडे की डावीकडे?"

श्रावस्तीने तोंड उघडलं, पण तिला सांगता आलं नाही.

इमारतीने करायचं ते काम केलं होतं, पण गरजेपेक्षा अधिक. निरोगी मेंदू दर जागेसाठी निराळा नकाशा उलगडतो, पण हा नकाशा इतका ठळक उमटत होता की इतर सगळ्या नकाशांच्या पेशी त्यानेच बळकावल्या होत्या. वस्तू आठवत होत्या, माणसं आठवत होती, पण त्यांना ठेवायला जागा एकच उरली होती. आणि माणूस ज्या जागी भेटतो त्या जागेशी बांधलेला असतो. जागा गेली की नातं सुटं पडतं.

"अजून वर्षभराची निरीक्षणं हवीत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "एका रोग्यावरून आणि एका विद्यार्थिनीवरून काही ठरत नाही."

असं झालेली आणखी माणसं आहेत हे श्रावस्तीला पुढच्याच आठवड्यात कळलं.

कंपनीच्या दारात एक बाई उभी होती. पाठीवर पोर, हातात पिशवी. पहारेकरी तिला आत सोडत नव्हता. ती श्रावस्तीचं नाव घेत होती म्हणून त्याने फोन केला. बाईचं नाव दुर्गा मडावी, कुरखेड्याच्या बाजूची. तिचा नवरा सुकदेव बॅटरीच्या कारखान्यात कामाला होता आणि कारखान्याच्या कामगार वसतिगृहात राहत होता. त्या वसतिगृहाच्या पाटीवर वास्तुरचनाकार म्हणून श्रावस्तीचं नाव होतं.

श्रावस्तीला आठवलं. नोकरी लागली तेव्हा अभिराम दाणींनी तिच्याकडून 'मुक्काम'चा आराखडा एका मोठ्या वसतिगृहासाठी बदलून घेतला होता. रात्रपाळी करून आलेल्या पोरांना शांत झोप लागावी म्हणून, असं ते म्हणाले होते. दाणी कंपनीचा विस्तार बघायचे. तिने ते काम आवडीने केलं होतं.

"लग्न होतं त्याच्या बहिणीचं," दुर्गा सांगू लागली. "आला. पण पावना आल्यावानी बसला आंगनात. विहीर कोनीकडं हाय ते मले विचारलं त्यानं. सोताच्या घरची विहीर. पोराले घेतलं मांडीवर, पन असं घेतलं जसं शेजाऱ्याचं हाय. अन् सकाळीच म्हने, जातो आता. मी म्हटलं, काहून? तर म्हने, इथं काही सुदरत नाही मले." तिने पाठीवरचं पोर सावरलं. "दारू पीत नाही तो. बाईचा नाद नाही. भांडन झालं नाही आमचं. मंग काय झालं त्याले?"

श्रावस्तीने तिला आत नेऊन बसवलं, पोरासाठी दूध मागवलं आणि ती दाणींच्या खोलीत गेली.

दाणी उठून उभे राहिले. ते कधीही कोणाशी आवाज चढवून बोलत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला आकडे माहीत होते. पेरणीला गावी गेलेली पोरं महिना महिना परतत नाहीत ही कारखानदारांची जुनी रड आहे. तुमच्या वसतिगृहातली पोरं वेळेवर परत येतात. बरीचशी जातच नाहीत. आता अशीच चार वसतिगृहं उभी राहतायत."

"ती परत येत नाहीयेत. त्यांना जायला गावच उरलेलं नाही."

"श्रावस्ती, तिथे कुलूप नाही," दाणी शांतपणे म्हणाले. "दार चोवीस तास उघडं असतं. जाऊन विचारा त्यांना, सुखात आहात का म्हणून. हो म्हणतील. आणि ते खोटं नसेल." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "एक सांगू? तुम्ही हे बाहेर न्याल तर आधी 'मुक्काम' बंद होईल. तुमचे वडील तिथे नीट जेवतात, झोपतात. दुसरीकडे कुठे ते जेवणार आहेत?"

तिने पाणी घेतलं नाही.

श्रावस्ती वडशाला गेली. आई अंगणात भाजी निवडत होती. श्रावस्तीने तिला सगळं सांगितलं. मेंदूतल्या पेशी, टोपी, दुर्गा, दाणी, काही ठेवलं नाही. फक्त स्वतःचा नकाशा पडद्यावर कसा उमटला ते सांगितलं नाही.

सुनंदा भाजीचे देठ खुडत ऐकत होती.

"बंद केलं तर तुहा बाप मरन?"

"माहीत नाही. पण बाहेर तो कुठेच नसेल, आई. जिथे ठेवू तिथे हरवलेलाच असेल. शेवटपर्यंत."

"अन् नाही केलं तर?"

"तर तो सुखात राहील. आणि दुर्गाच्या नवऱ्यासारखी पोरं वाढत जातील."

"तू बनवलंस ते चांगल्यासाठी बनवलंस," सुनंदा म्हणाली. "पन तुह्या बापाले सुखात ठेवाले दुसऱ्याचे नवरे किती दिवस जायचे? आन त्याले घरी. मी पाहीन. रडन, ओरडन, मले मारन, पाहीन मी." तिने देठ बाजूला टाकले. "मले इचारू नको आता पुन्हा. माही हिंमत जाईन."

श्रावस्तीने कामगार खात्याकडे तक्रार केली, आणि चौकशी समिती बसली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. समितीत डॉक्टर होते, कामगार खात्याचे अधिकारी होते. कंपनीच्या वकिलाने श्रावस्तीची टोपीवरची तपासणी खोडून काढली. बाई दुःखी आहेत, वडील आजारी आहेत, मन त्याच इमारतीत घुटमळतं, यात नवल काय, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं समितीला पटल्यासारखं दिसलं.

तेव्हा सबाने मॅडम उठल्या. त्या येतील असं श्रावस्तीला वाटलं नव्हतं. त्यांनी टोपी सोबत आणली होती.

दुर्गाने सुकदेवला आणलं होतं. दणकट, हसऱ्या तोंडाचा तरुण. आपल्याला इथे कशाला आणलंय हे त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण बायकोने सांगितलं म्हणून तो आला होता. मॅडमनी समितीच्या डॉक्टरांसमोर त्याला वसतिगृहातून फिरवून आणलं, संगणकाला त्याच्या पेशींची भाषा कळू दिली. मग त्याला खुर्चीत बसवून म्हणाल्या, "सुकदेव, डोळे मिटा. तुमच्या गावात जा. घरून विहिरीवर, विहिरीवरून शेतात."

सुकदेव हसत हसत डोळे मिटून बसला. "आलो शेतात," तो थोड्या वेळाने म्हणाला.

पडद्यावर वाट उमटत गेली. ती किंचित उतरली, अरुंद झाली, वळली. मॅडमनी तिच्या शेजारी श्रावस्तीच्या तपासणीत उमटलेली वाट दाखवली. मग दारातच उभ्या असलेल्या आणखी एका कामगाराला बोलावलं, त्यालाही आधी वसतिगृहातून फिरवून आणलेलं होतं. तो बालाघाटकडचा होता. त्याच्या गावी डोंगर होता असं तो म्हणाला. त्याचीही तीच वाट निघाली. तीन गावांची तीन माणसं, आणि तिघांचं गाव एकच. ते गाव श्रावस्तीने कॉलेजच्या टेबलावर पुठ्ठ्यातून कापलेलं होतं.

समितीतले एक वयस्क डॉक्टर उठून पडद्याजवळ गेले. "हे परत येतं का?" त्यांनी विचारलं. "जुनं?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "निरोगी मेंदू नवे नकाशे शिकू शकतो. हा नकाशा त्यांना जागा करून देईल की नाही, ते आम्हाला माहीत नाही."

सुकदेव टोपी काढून देताना दुर्गाला म्हणाला, "बरोबर सांगितलं ना मी?"

इमारतींना टाळं लागलं. वसतिगृहातल्या पोरांना गाड्या करून आपापल्या गावी पोचवलं गेलं. वर्तमानपत्रांत श्रावस्तीचा फोटो आला, काहींनी तिला धीट म्हटलं, काहींनी या सगळ्याचं मूळ तीच म्हटलं. दोन्ही तिला खरं वाटलं. दाणी दुसऱ्या कंपनीत गेले.

पावसाळ्याआधीच पोरं परत येऊ लागली. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. वसतिगृहाच्या सीलबंद फाटकापाशी येऊन ती बसत. पहारेकऱ्यांनी हाकललं की थोडी मागे सरकत. कोणी दगड मारत नव्हतं, कोणी घोषणा देत नव्हतं. तुम्हाला काय हवं असं विचारलं तर ती गोंधळून एकमेकांकडे बघत. श्रावस्ती एकदा तिथे गेली. सुकदेव भिंतीला पाठ लावून बसला होता. शेजारी दुर्गा भाकरी मोडून पोराला भरवत होती.

"पुन्हा नेतो मी त्याले," दुर्गा म्हणाली. "रोज विहीर दाखवतो. दाखवली की म्हनते, हो हो, हेच. सकाळी उठला की पुन्हा नाही. मंग एका दिवशी निघते, इथं येते." तिने श्रावस्तीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर श्रावस्तीला बरं वाटलं असतं. "किती दिवस लागतीन बाई? तुमाले तर माहीत असन."

श्रावस्तीला माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं.

यशवंत वडशाच्या घरात पावसाळाभर जगला. सुनंदाने त्याची खाट मधल्या खोलीत लावली होती. तो भिंत सोडत नसे. दिवसातून कितीदा तरी उठे, न दिसणाऱ्या व्हरांड्यातून चालू लागे, आणि सुनंदा आदळण्याआधी मध्ये उभी राही. तिचे दंड काळेनिळे झाले. श्रावस्ती नोकरी सोडून घरी आली होती. तिने एकदा दार आणि खिडकी बदलून, फळ्या लावून मधल्या खोलीला तसा कोनाडा करू का, असं विचारलं.

"नको," सुनंदा म्हणाली. "आता काही बनवू नको."

शेवटच्या दिवसांत त्याला उठवत नव्हतं. तो पडल्या पडल्या छताकडे बघे आणि अधूनमधून विचारी, "हे कोनतं गाव हाय?" सुनंदा सांगे, "वडसा हाय. तुमचं घर हाय." तो मान हलवी. त्याचा विश्वास बसलेला नसे, पण सांगणाऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून तो हो म्हणे. भाद्रपदात एका दुपारी तो गेला. समोर बसलेल्या दोघींपैकी एकीलाही त्याने ओळखलं नव्हतं.

बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. नाटक मंडळींतले जुने नट आले होते, त्यांनी त्याच्या पडद्यांच्या आठवणी काढल्या. सगळे पांगल्यावर घरात दोघीच उरल्या. सुनंदा पडवीत बसली होती. दिवसभर ती रडली नव्हती.

"कोठीतून तांदूळ आन दोन वाट्या," ती म्हणाली. "सकाळपासून तुनं काही खाल्लं नाही."

श्रावस्ती उठली. वाटी घेतली, पडवीतून आत शिरली, मधली खोली ओलांडली आणि वळली. समोर भिंत होती. ती थांबली. दुसरीकडे वळली, तर न्हाणीचं दार. तिने भिंतीवर हात ठेवला. पायाखालची जमीन सपाट होती, तरी तिचे पाय उतार शोधत होते. ज्या घरात ती जन्मली, वाढली, त्या घरात कोठी कुठे आहे हे तिला आठवत नव्हतं.

ती भिंत चाचपत दोन पावलं गेली. मागे वळली तेव्हा सुनंदा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. कधीपासून, असं तिने विचारलं नाही. तिने पोरीच्या हातातून वाटी काढून घेतली आणि मोकळा झालेला तो हात आपल्या हातात धरला.

"डाव्या हाताले," ती म्हणाली. "चाल, मी दाखवतो."